एका दिवसासाठी माणसं पाठवू नका : स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थांना आणि कंपन्यांना खुलं पत्र

स्वयंसेवक पाठवणाऱ्या सर्व संस्थांच्या आणि कंपन्यांच्या प्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

गेली १४ वर्षं मी वंचित वस्तीतल्या मुलांना दर शनिवारी फुटबॉल शिकवते आणि रविवारी सकाळी त्यांच्यासोबत चित्रांचा, बाहुल्यांचा, नाटकाचा वर्ग चालवते. मीही स्वयंसेवकच आहे. या वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी आमच्याकडे माणसं पाठवली. त्यातल्या काहींमुळे मुलं फुललेली मी पाहिली आहेत. काहींमुळे मुलं दुखावलेलीही पाहिली आहेत, आणि हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

एका शनिवारी नऊ वर्षांची एक मुलगी गोलपोस्टला टेकून बसली होती. सराव साडेचारला सुरू होतो, ती साडेतीनलाच आली होती. हातात गोलकीपरचे हातमोजे होते. ते इतके मोठे की निसटू नयेत म्हणून मनगटाशी दोऱ्याने बांधले होते. आदल्या शनिवारी एका कंपनीचे तीस कर्मचारी आमच्या मैदानावर आले होते. त्यातल्या एका तरुणाने तिला दीड तास गोलकीपिंग शिकवलं, आणि फार छान शिकवलं. निघताना त्याने स्वतःचे हातमोजे तिला देऊन टाकले आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी डाइव्ह मारायला शिकवतो. तयार राहा." त्यांचा कार्यक्रम एका दिवसाचा होता. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

"दादा आले का?" तिने मला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. सराव संपला, अंधारून आलं, तेव्हा तिने मनगटाचे दोरे सोडले, एक मोजा दुसऱ्यात खोचला आणि तो जोड चेंडूंच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिला. पुढचे दोन महिने ती गोलमध्ये उभी राहिली नाही.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. तो मनापासून बोलला होता. निरोप घेताना आपण सगळेच असं काहीतरी बोलतो. पण ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून जातात, त्या मुलांना असं बोलायचं नसतं, हे त्याला येण्याआधी कोणीच सांगितलं नव्हतं. ते सांगण्याची जबाबदारी त्याला पाठवणाऱ्यांची होती, म्हणजे तुमची. माझीही होती. त्या दिवशी मी त्याला वेळीच बाजूला घेऊन बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्याकडे माझं मुख्य मागणं एकच आहे. वंचित मुलांकडे खेळ आणि कला घेऊन माणसं पाठवायची असतील, तर किमान एक वर्षासाठी पाठवा. तोच माणूस, तीच वेळ, तेच मैदान. जमणार नसेल तर पाठवू नका. हे कठोर वाटेल, पण त्यामागची कारणं नीट सांगते.

मुलांना मोठ्या माणसाची सोबत मिळवून देणाऱ्या उपक्रमांवर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन संशोधक स्त्रियांनी २००२ साली नेमका हाच प्रश्न तपासला, की ही सोबत किती काळ टिकली तर काय होतं. ज्या मुलांची सोबत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली, त्यांच्यात सर्वांत जास्त सुधारणा दिसली. सोबत जितकी लवकर संपली तितका फायदा कमी. आणि जिथे ती अगदी थोड्याच महिन्यांत तुटली, तिथे मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा खाली गेलेला दिसला. कृपा करून हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. अर्धवट सोडलेली सोबत मुलाला होतं त्या जागीसुद्धा ठेवत नाही, त्याच्याकडचं काहीतरी घेऊन जाते. हातमोज्यांच्या त्या जोडात मी हेच पाहिलं होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती फार आशेची आहे. हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी ती मुलं चाळिशीला पोहोचेपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटं एकाच वेळी अंगावर घेऊन वाढलेली मुलंही त्यांत होती. त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही कर्तबगार, मायाळू माणसं म्हणून मोठी झाली. या मुलांच्या आयुष्यात काय वेगळं होतं, ते शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. किमान एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी टिकून होतं. कुणाची आजी, कुणाचे शेजारी, कुणाची शिक्षिका. त्या माणसाकडे काही विशेष विद्या होती असं नाही. ते माणूस तिथे होतं आणि नंतरही तिथेच होतं.

म्हणून तुमचे तीस उत्साही लोक एका दिवसासाठी येतात, तेव्हा मला मनात वाटतं, यांच्यातले फक्त दोघं वर्षभर आले असते तर!

हा विश्वास किती सावकाश बसतो, ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे एक मुलगा यायचा. मैदानाच्या रेषेबाहेर हाताची घडी घालून उभा राहायचा. बोलावलं की मान फिरवायचा. आम्ही बोलावणं सोडलं, पण येताना एक चेंडू त्याच्यापासून चार पावलांवर ठेवायला लागलो. अकरा शनिवार तो चेंडू तसाच पडून होता. बाराव्या शनिवारी त्याने तो पायाने हळूच माझ्याकडे ढकलला. मी तसाच परत ढकलला. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं, एक शब्दही न बोलता, जवळपास वीस मिनिटं. एक दिवसाच्या कार्यक्रमात हा मुलगा कुठे दिसला असता? अहवालात त्याची गणती "सहभागी न झालेला" अशी झाली असती.

आता खेळाबद्दल. खेळ मुलांना घडवतो हे वाक्य तुमच्या प्रत्येक पत्रकात असतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. खेळ मुलांना मोडतोसुद्धा. तो काय करेल हे शिट्टी कोणाच्या हातात आहे, यावर ठरतं. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल संघांवर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. काही प्रशिक्षकांना हंगामाआधी काही तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. चांगल्या प्रयत्नाची लगेच दखल घ्या, चूक झाली की आधी धीर द्या मग दुरुस्ती सांगा, अपमान करून शिकवू नका, एवढाच त्याचा गाभा. पुढच्या वर्षी पाहिलं तर प्रशिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती. प्रशिक्षण मिळालेल्यांकडची फक्त ५ टक्के. मैदान तेच, खेळ तोच. मुलं टिकली ती बोलण्याच्या पद्धतीमुळे.

तुम्ही पाठवलेल्या माणसांना हे काही तास कधी मिळतात का? बहुतेक वेळा त्यांना टी-शर्ट मिळतो आणि गाडी कुठून सुटणार ते कळतं. मग ते मैदानावर येऊन त्यांच्या लहानपणचे खेळ घेतात, आणि त्यातले बरेच खेळ "आउट" करण्याचे असतात. जो आउट झाला तो बाहेर बसतो. पहिल्या मिनिटाला आउट कोण होतं? जे मूल सर्वांत कच्चं आहे, बुजरं आहे, ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तेच. ते बाहेर बसून पाहतं आणि जे आधीच तरबेज आहे ते शेवटपर्यंत खेळतं. माझं ऐका, मुलांना बाहेर बसवणारा एकही खेळ घेऊ नका. आउट झालेल्याने दुसऱ्या गटात जायचं, किंवा पाच उड्या मारून परत आत यायचं, इतका साधा बदल पुरतो. प्रत्येक मुलाच्या पायाला तासाभरात किती वेळा चेंडू लागला, हे मोजा. वीस मुलांत एकच चेंडू असेल तर तो सराव म्हणायचा नाही, ती रांग आहे.

संघ निवडतानाही तेच. दोन कप्तानांनी एकेक नाव घ्यायचं आणि शेवटी उरलेल्या मुलाने मान खाली घालून कुठल्यातरी बाजूला जायचं, ही पद्धत मी पहिल्याच वर्षी बंद केली. रंगीत पट्ट्या वाटायच्या आणि खेळायला लागायचं.

कलेबद्दल जरा जास्त बोलते, कारण तिथे चुका लवकर दिसत नाहीत. खेळात मूल रडतं, रुसतं, मैदान सोडून जातं. कागदासमोर ते गप्प बसून तुम्हाला हवं ते काढून देतं आणि आपल्याला वाटतं, वर्ग छान झाला.

स्वयंसेवक येतात, फळ्यावर एक घर काढतात, मागे दोन डोंगर, मधे सूर्य, आणि म्हणतात, असं काढा. चाळीस मुलं चाळीस घरं काढतात. त्यातलं एकही घर त्या मुलांचं नसतं. एका रविवारी एका मुलाने पूर्ण कागद काळ्या खडूने भरला. इतका दाबून की खडूचे तुकडे पडले. नव्या स्वयंसेविकेने प्रेमाने त्याच्या हातात पिवळा खडू दिला आणि म्हणाली, "थोडा प्रकाश पण दाखव ना." त्याने निमूटपणे कोपऱ्यात एक पिवळा ठिपका काढला आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात ती त्याच्या शेजारी नुसती बसली. तिने पुन्हा काळ्याने भरलेल्या कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "मला याबद्दल सांगशील?" तो म्हणाला, "लाइट गेलेत. सगळे झोपलेत. मी जागा आहे." तिने वाद घातला नाही, समजावलं नाही. विचारलं, "तू कुठे आहेस यात?" त्याने काळ्यातच एक जागा दाखवली. तिथे काळ्यावर काळं दोनदा गिरवलेलं होतं.

"हे काय आहे?" या प्रश्नाला मूल घाबरतं, कारण त्याला वाटतं की उत्तर चुकू शकतं. "याबद्दल सांग" म्हटलं की ते बोलतं. मुलाच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही. काही दाखवायचंच असेल तर आपल्या वेगळ्या कागदावर. "सुंदर!" म्हणून पुढे जायचं नाही, तिथे थांबायचं आणि जे दिसतंय ते म्हणायचं, "ही रेघ तू खूप जोराने ओढलीस." या गोष्टी शिकवता येतात. एका दुपारी शिकवून होतात. पण ती दुपार तुमच्या वेळापत्रकात हवी.

आणि चित्रावरचं नाव. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेली चित्रकार. नाझींनी तिला १९४२ च्या डिसेंबरमध्ये, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या टेरेझिनच्या छावणीत डांबलं. मोजकंच सामान नेता येत होतं, तरी तिने सोबत चित्रकलेचं साहित्य नेलं आणि छावणीतल्या शेकडो मुलांना ती चित्रकला शिकवत राहिली. चित्रावर मुलांनी स्वतःचं नाव घालावं, असा तिचा आग्रह होता. जिथे माणसाचा नंबर करून टाकला होता, तिथे मूल आपल्या हाताने आपलं नाव लिहीत होतं. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारण्यात आलं. त्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. जवळपास ४,५०० चित्रं मात्र दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवलेली सापडली, आणि ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

तुमच्या वार्षिक समारंभात आमच्या मुलांची चित्रं लागतात. खाली संस्थेचं बोधचिन्ह असतं, प्रायोजकाचं असतं. एकदा एका मुलीने मला विचारलं, "ताई, माझं नाव कुठे गेलं?" कडा सरळ दिसाव्यात म्हणून चित्र कापलं होतं, त्यात तिचं नाव गेलं होतं. मुलांची ओळख बाहेर जाऊ नये, ही काळजी योग्यच आहे. पण मग मुलाला विचारा, तुझं कुठलं नाव लावू? बहुतेक मुलं स्वतःला एखादं नाव ठेवतात आणि त्याचा त्यांना फार आनंद होतो. आणि चित्र विकायचं, छापायचं, भिंतीवर लावायचं असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. ते नाही म्हणालं तर चित्र त्याच्या हातात परत द्या.

फोटोंबद्दल थोडक्यात. रडणारं, मळलेलं, हात पसरलेलं मूल छापू नका. मुलाला आणि पालकांना विचारल्याशिवाय कुठलाच फोटो नको. ज्या टी-शर्टवर "वंचित मुलांसाठी" असं लिहिलंय तो घालून आमच्या मैदानावर कृपया येऊ नका. मुलांना वाचता येतं.

आता ज्या गोष्टीवर मी कुठलीही सवलत देत नाही, ती गोष्ट. सुरक्षितता.

खेळ आणि कला मुलाला मोकळं करतात, म्हणूनच मुलाला त्रास देऊ पाहणारा माणूस याच वाटेने आत शिरू शकतो. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक माणसाची पार्श्वभूमी तपासलेली असली पाहिजे. ओळखीचा आहे, चांगल्या पदावर आहे, फार प्रेमळ आहे, हे पुरेसं नाही. बंद खोलीत एक मोठं माणूस आणि एक मूल असं कधीच नको. मुलाला एकट्याला गाडीतून घरी सोडायचं नाही. खाजगी मेसेज नाहीत, गुपचूप भेटवस्तू नाहीत. कुणी म्हणेल की असं केल्याने माया आटते. माझा अनुभव उलटा आहे. नियम सगळ्यांना माहीत असले की मूल आणि मोठं माणूस दोघंही निर्धास्त असतात.

आणि मूल काही बोललं तर काय करायचं, हे शिकवल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका. बाहुल्यांच्या वर्गात एकदा एका मुलाच्या मोज्याच्या बाहुलीने म्हटलं, "मला घरी नाही जायचं." एक तरुण स्वयंसेवक चटकन सगळ्यांसमोर म्हणाला, "का रे? कोण मारतं तुला?" बाहुली तिथेच हातातून उतरली. ती पुन्हा त्या मुलाच्या हातात चढायला दीड महिना गेला. तोपर्यंत तो मुलगा रोज त्याच घरी जात होता. अशा वेळी बाहुलीशीच बोलायचं असतं, हळू आवाजात, तिच्या वेगाने. प्रश्नांत आपली उत्तरं घालायची नाहीत. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. ज्यांनी मदत करायला हवी त्यांना मी सांगणार आहे, असं खरं सांगायचं. मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवायचे आणि बाल-सुरक्षेची जबाबदारी ज्या व्यक्तीवर आहे, तिच्याकडे लगेच पोहोचवायचे. स्वतः घरी जाऊन जाब विचारायचा नाही. तुमच्या संस्थेत अशी जबाबदार व्यक्ती नेमलेली नसेल, तर माणसं पाठवण्याआधी ती नेमा.

अजून एक गोष्ट माझ्या मनाला लागून आहे. आपण वर्ग मोफत ठेवतो आणि समजतो की गरजू मुलं येतीलच. तसं होत नाही. व्हेनेझुएलात १९७५ साली होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी एल सिस्तेमा ही संगीत शिक्षणाची चळवळ सुरू केली. लाखो मुलं तिच्यातून गेली, जगभर तिचं अनुकरण झालं. २०१७ साली तिच्यावरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या आत्मसंयमात फरक पडलेला दिसला, ही चांगली बाब. पण वर्गात आलेल्या मुलांत गरीब घरच्या मुलांचं प्रमाण त्याच भागातल्या एकंदर प्रमाणापेक्षा बरंच कमी निघालं. दार उघडं होतं, पण मला वाटतं, त्या दारापर्यंत सोडायला ज्यांच्या घरी कुणी मोकळं नव्हतं ती मुलं आली नसावीत. आमच्याकडेही धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी येत नव्हती. आम्ही भावंडाला कडेवर घेऊन यायला सांगितलं, मैदानाच्या एका कोपऱ्यात चटई टाकली आणि एका स्वयंसेविकेने तेवढंच काम पत्करलं. फोटोत येण्यासारखं ते काम नाही. त्या वर्षी मुलींची संख्या दुप्पट झाली.

मूल हे नुसतं घेणारं आहे, अशा भावनेनेही माणसं पाठवू नका. केनियातल्या नैरोबी शहराच्या माथारे वस्तीत १९८७ पासून मुलांची एक क्रीडा संघटना काम करते. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये सामना जिंकल्याचे गुण मिळतात, आणि वस्तीची सफाई केल्याचेही मिळतात. मोठी झालेली मुलं धाकट्यांची प्रशिक्षक होतात, पंच होतात, संघटना चालवतात. आमच्याकडे शिट्टी आता एका सोळा वर्षांच्या मुलीकडे असते. तिचे निर्णय माझ्यापेक्षा बरोबर असतात आणि मुलं तिच्याशी वाद कमी घालतात.

तुम्ही म्हणाल, एवढी अट घातली तर येणार कोण? कमी लोक येतील, हे खरं आहे. तीसऐवजी चार येतील. मला चार हवेत. उरलेल्या सव्वीस जणांसाठीही पुष्कळ काम आहे. पावत्या लिहायच्या आहेत, चेंडू शिवून घ्यायचे आहेत, साहित्य मोजून ठेवायचं आहे, हिशेब तपासायचा आहे. मुलांना न भेटता केलेलं हे काम मुलांसाठीच असतं, आणि ते एका दिवसात करता येतं. एक पगारी समन्वयक नेमायला पैसे दिलेत तर फारच उत्तम. स्वयंसेवक टिकतात ते कुणीतरी त्यांची विचारपूस करतं म्हणून. मुलाने तोंडावर "परत येऊ नको" म्हटल्यावर घरी जाऊन रडलेल्या नव्या स्वयंसेवकाला त्या रात्री फोन करणारं कुणीतरी लागतं. नाहीतर तो पुढच्या शनिवारी येत नाही, आणि मुलाला वाटतं, मी म्हणालो म्हणून गेला.

येणाऱ्या माणसाला एवढं नक्की सांगा. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळव. "मी या शनिवारी येत नाही, पुढच्या शनिवारी येतो" हा निरोप मुलापर्यंत पोहोचला की मूल शांतपणे खेळतं. निरोप न देता गैरहजर राहिलास तर ते गेटकडे बघत खेळतं. आणि वर्ष संपून जायची वेळ आली की गुपचूप जाऊ नकोस. महिनाभर आधी सांग. चार शनिवार राहिले, तीन राहिले, दोन राहिले. मुलांना रागवू दे, रुसू दे. त्यांच्यासोबत शेवटचा सामना खेळ, त्यांना काही लिहून दे, त्यांचं काही लिहून घे. आमच्या अनेक मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नीट निरोप दिला, तो या मैदानावर.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मंजूर केलेल्या बालहक्क करारात कलम ३१ आहे. विश्रांती, खेळ, करमणूक, सांस्कृतिक आणि कलाजीवनात सहभाग हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असं ते सांगतं. त्याच करारातलं कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. तुमच्या अहवालात किती मुलांपर्यंत पोहोचलो हा आकडा असतो. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे छापा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या शनिवारी आलेल्या स्वयंसेवकांपैकी चाळिसाव्या शनिवारी किती जण होते? आणि त्यांच्यापैकी किती जणांची नावं मुलांना माहीत होती? दुसरा आकडा मुलांना विचारूनच मिळेल.

५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो. त्या आठवड्यात मला दरवर्षी तुमच्याकडून सर्वांत जास्त फोन येतात. या वर्षी फोन कराल तेव्हा मी तुम्हाला दिवस विचारणार नाही. दर शनिवारी साडेचार ते सहा, वर्षभर, कोण येऊ शकेल ते विचारेन. अशी दोन नावं तुमच्याकडे असतील तर जरूर कळवा. आधी तपासणी होईल, मग दोन दुपारी प्रशिक्षण, मग पहिले चार शनिवार नुसतं माझ्या शेजारी उभं राहायचं.

त्यांच्यापैकी एकाला गोलकीपिंग येत असेल तर बरं. ती मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि हातमोजे तिला जवळजवळ बरोबर बसतात. डाइव्ह मारायला ती अजून शिकलेली नाही. मला ते नीट शिकवता येत नाही.

आपली,
शनिवारच्या मैदानावरची एक प्रशिक्षक